पायी येणाऱ्यांचं गेट

"पिशवी उघड."

ती पिशवी नव्हती, दप्तर होतं. निळं, शाळेचं नाव छापलेलं, वर्गातल्या सगळ्यांच्या पाठीवर असायचं तसलंच. पण त्या टेबलावर जे काही ठेवलं जाई त्याला पिशवीच म्हणत. माझ्या पुढच्या बाईच्या पिशवीतून डबा निघाला, डब्यातून कालची भाजी निघाली. गार्डनं झाकण काढून आत बघितलं, तिला सोडलं. मग माझा नंबर. अंगात गणवेश, टाय, गळ्यात शाळेचं ओळखपत्र. सातवीत होते मी.

चेन त्यानंच ओढली. वह्या निघाल्या, कंपास निघाला, डबा निघाला. सगळ्यात खाली आईच्या जुन्या ओढणीत गुंडाळून ठेवलेला टॅब होता. त्यानं ओढणी सोडली.

"ये किसका है?"

"मेरा."

मागच्या रांगेतली एक बाई फिसकन हसली. ती आमच्याच वस्तीवरची, मला लहानपणापासून ओळखणारी. तिचं हसणं दुष्टपणाचं नव्हतं. तिलाही ते खरं वाटलं नाही, एवढंच.

"गेट पास?"

माझ्याकडं गेट पास नव्हता. स्वतःच्या वस्तूचा गेट पास कुणाकडं असतो?

ही शाळा भुकूमच्या वरच्या अंगाला, टेकडीवरच्या टाउनशिपच्या आत आहे. चौदा मजल्यांचे टॉवर, मधे बाग, बागेच्या पलीकडं शाळा. गावातल्या ज्यांच्या जमिनी त्यात गेल्या त्यांनी खाली रस्त्याला लागून इमारती बांधल्या आणि खोल्या भाड्यानं दिल्या. आमची जमीन गेली नाही, कारण आमच्याकडं ती कधी नव्हतीच. आमची वस्ती ओढ्याच्या पलीकडं. तिचं नाव सरकारी पाटीवर बदललं, गावाच्या तोंडातलं बदललं नाही. पंचवीस टक्क्यांच्या कायद्यात माझा नंबर लागला आणि मी त्या शाळेत गेले. वर्गात आम्हाला 'आरटीईवाले' म्हणत. बाई सुद्धा म्हणत. "आरटीईवाल्यांनी थांबा, तुमचं वेगळं आहे." काय वेगळं आहे ते दर वेळी नवीन असायचं.

माझी आई त्याच टाउनशिपमध्ये पाच घरांची धुणीभांडी करायची. बाप हिंजवडीत कंपनीच्या कॅबवर. रात्री चालवायचा, दिवसा झोपायचा.

आता गेटचं सांगते, कारण सगळं तिथंच अडलं. पुढचं मोठं गेट गाड्यांचं. तिथं दांडा वर जातो, गाडी आत जाते, दांडा खाली येतो. शाळेच्या बसेस तिथून जात. आरटीईतली बाकीची दोनचार मुलं भूगावकडून बापाच्या मोटारसायकलवर येत, त्या मोटारसायकलला स्टिकर होता, तीही तिथूनच जात. बाहेरून चालत येणारी शाळेत मी एकटी. त्या गेटवर चालत येणाऱ्या माणसासाठी जागाच केलेली नव्हती. पायी आलेल्यासाठी एकच वाट, मागचं गेट. तिथून कामाच्या बायका जात, माळी जात, कचऱ्याची गाडी जात असे. पहिलीत आईनं मला बोटाला धरून तिथून नेलं, आणि पुढं तीच वाट पडली.

गेटवर एक ॲप असतं. आत येणाऱ्या प्रत्येक बाईचा फोटो त्यात, कोणत्या फ्लॅटची ते त्यात. आत जाताना नोंद, बाहेर येताना पिशवी. घरातून काही न्यायचं असेल, जुना ड्रेस असो नाहीतर उरलेला केक, तर मॅडमनी आधी फोनवर तसं कळवायचं. नसेल कळवलं तर गार्ड त्या वस्तूचा फोटो काढून मॅडमना पाठवतो. मॅडम 'हो' दाबतात किंवा 'नाही' दाबतात. माझा फोटोही त्यात होता. आईच्या नावाखाली. आईच्या सगळ्यात जुन्या घराखाली, जिथली मुलगी इरा माझ्याच वर्गात होती.

म्हणजे मी रोज विद्यार्थिनी म्हणून शाळेत जातच नव्हते. रोज इराच्या घरची कामवाली म्हणून आत जात होते आणि आत गेल्यावर प्रार्थनेला उभी राहात होते. सात वर्षं हे चाललं होतं, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

त्या दिवशी शाळेनं सातवीच्या सगळ्या मुलांना टॅब दिले. घरी न्यायचे, अभ्यास करायचा, सकाळी परत आणायचे. मला मिळाला तेव्हा मी तो दोन्ही हातांनी धरला. खूप आनंद झाला होता, लपवत नाही. पावसाचे दिवस होते, भिजू नये म्हणून दुपारच्या सुट्टीत आईला बागेपाशी गाठलं आणि तिची डोक्यावरची ओढणी मागून घेतली. कशाला ते सांगितलं नाही, घरी जाऊन तिला टॅब एकदम दाखवायचा होता.

तर गार्डनं त्या टॅबचा फोटो काढला आणि पाठवला. कुठं? इराच्या आईला.

इराची आई त्या वेळी हिंजवडीत, ऑफिसात. मीटिंगमध्ये असेल. फोनवर आलं असेल की तुमच्या घरची मदतनीस टॅब बाहेर नेते आहे, परवानगी आहे का? तिनं मदतनिसाला टॅब दिलेला नव्हता. तिनं 'नाही' दाबलं. मी तिच्या जागी असते तर मीही तेच दाबलं असतं, आणि हेच मला अजून खातं. त्या बटणात तिची चूक काही नव्हती. सगळं आधीच करून ठेवलेलं होतं, तिनं फक्त बोट टेकवलं.

गार्डच्या फोनवर लाल पट्टी आली. त्यानं माझ्याकडं बघितलं, हळूच म्हणाला, "मैं क्या करूँ बेटा, मना कर दिया." आणि टॅब टेबलाच्या खणात ठेवला.

"भैया, शाळेनं दिलाय. आत माझं नाव आहे. चालू करून बघा."

त्यानं ऐकलं नाही असं नाही. त्याला ऐकायची परवानगी नव्हती. त्यानं बाळूशेठला फोन लावला.

बाळूशेठ म्हणजे टाउनशिपच्या सिक्युरिटीचा ठेकेदार. गावचाच. त्याच्या बापाची जमीन टॉवरखाली गेली, बदल्यात पैसे आले आणि वर हा ठेका आला. वयानं आईपेक्षा कितीतरी लहान. आई त्याला 'शेठ' म्हणायची, तो आईला 'शांते' म्हणायचा. गाडीतून उतरला, चष्मा डोक्यावर सरकवला.

"टॅब? तुज्याकडं?"

"शाळेनं दिलाय. सगळ्यांना दिलाय."

"सगळ्यांना देऊ दे. तुला कशाला देतील?"

हे तो चिडून बोलला नाही. खरंच त्याला प्रश्न पडला होता.

"चालू करून बघा ना. नाव आहे माझं."

"नाव काय, कुणीबी टाकतंय. खरं सांग, घेतलास का? पोरगी हायेस म्हणून सोडतो. न्हाईतर चौकीला जावं लागंल."

बायकांची रांग तशीच थांबलेली. कुणी पुढं गेलं नाही. एकीनं मात्र पळत जाऊन आईला सांगितलं. आई तिसऱ्या घरात भांडी घासत होती. ती आली तेव्हा तिच्या कोपरापर्यंत साबणाचा फेस होता.

तिनं माझ्याकडं बघितलं. "घेतलास का?" असं विचारलं नाही. टॅबकडं बघितलं. मग बाळूकडं.

"काय झालं, शेठ?"

"पोरगी टॅब घिऊन चाललीया तुजी. मॅडमनी न्हाई म्हणलंय. लावतो फोन, बोल तूच."

त्यानं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू येत होतं.

"शांताबाई, हे काय आहे? तुमच्याकडून मला ही अपेक्षा नव्हती."

आणि आई म्हणाली, "चुकलं ताई. पोर हाय. परत न्हाई व्हणार."

 आजही ते वाक्य आठवलं की मी बसलेली असले तर उठते. चुकलं. काय चुकलं? कुणाचं? मी ओरडले, "आये, माझा हाय तो! शाळेनं दिलाय! इरालापण दिलाय, विचारा तिला!"

 मग मॅडमनी इराला दुसऱ्या फोनवर घेतलं असावं, कारण तिचा आवाज लांबून आला. बाग ओलांडून घरी पोचलेली, तोंडात काहीतरी खात असलेली.

"मम्मा, माझा लॉकरमध्ये राहिलाय. तो तिचाच आहे. आज सगळ्यांना दिले ना."

"ओह. तिलापण?"

एवढंच. तिलापण. मग गार्डच्या फोनवर हिरवी पट्टी आली. त्यानं खण उघडला, टॅब माझ्या हातात दिला, ओढणी घडी करून वर ठेवली. बाळूशेठनं चष्मा डोळ्यांवर ओढला. "आधी सांगायचं न्हाई का," म्हणाला, आणि गाडीत बसला. इराच्या आईनं फोनवर म्हटलं, "ठीक आहे शांताबाई, गैरसमज झाला. उद्या जरा लवकर या, पाहुणे आहेत."

आई म्हणाली, "व्हय ताई."

माफी एकाच माणसानं मागितली होती. ज्याचं काही चुकलं नव्हतं त्यानं.

घरी जाताना मी आईच्या पुढं पुढं चालत होते. रागानं पाय थांबत नव्हते. ओढ्याच्या मोरीवर थांबले आणि विचारलं, "तुला वाटलं मी चोरला?"

"न्हाई."

"मग चुकलं का म्हणालीस?"

ती मोरीच्या कठड्याला टेकली. हात अजून साबणानं चिकट होते, ते तिनं लुगड्याला पुसले.

"म्हाईत होतं मला तू न्हाई घेतला. म्हाईत असूनच म्हणलं. पाच घरं हायेत."

मला वाटलं होतं तिला शंका आली असेल. शंका आली असती तरी परवडलं असतं. माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवून तिनं माझ्या चोरीची माफी मागितली होती. सवयीनं. हात आपोआप पदराकडं जावा तशी. त्या मोरीवर मला पहिल्यांदा कळलं की आपली लाज कुणी घेत नाही, ती आपल्याकडून रोज थोडी थोडी मागून घेतली जाते आणि आपण ती काढून देतो.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं. गोड बोलणाऱ्या होत्या. कधी आवाज चढलेला मी ऐकला नाही.

"काल जे झालं ते वाईट झालं, बेटा. आपण असं करू या. तू तुझा टॅब रोज शाळेतच ठेवत जा. तुझ्याच सोयीसाठी."

"मग सगळ्यांनीच ठेवायचा का?"

"बाहेरचे सगळे गाडीनं जातात ना."

"मला पुढच्या गेटनं सोडा. मग मीपण नेईन."

त्या हसल्या. "गेट सोसायटीचं आहे, शाळेचं नाही. त्यात आपण नाही पडायचं."

म्हणजे माझा अपमान गेटनं करायचा आणि शिक्षा शाळेनं द्यायची. आणि दोघांनीही एकमेकांकडं बोट दाखवायचं. त्या खोलीत गार वारा सोडणारं यंत्र होतं, भिंतीवर समतेबद्दलचं काहीतरी इंग्रजीत रंगवलेलं होतं. मी टॅब टेबलावर ठेवला नाही. दप्तरात घातला आणि वर्गात गेले.

त्या दुपारी मागच्या गेटवर गार्डनं पुन्हा टॅब काढला, पुन्हा फोटो, पुन्हा इराची आई. या वेळी हिरवं लगेच आलं. पण मी तिथं उभी होते, माझी वस्तू टेबलावर होती आणि कुणीतरी हिंजवडीतून ती माझी आहे की नाही हे ठरवत होतं. हिरवं आलं तेव्हा मला लाल आल्यापेक्षा जास्त संताप आला.

पुढच्या सकाळी मी पुढच्या गेटला गेले.

आईला सांगितलं नाही. ती लवकर निघाली होती. पुढच्या गेटचा गार्ड गोंधळला. "पैदल नहीं, पीछे से." मी गळ्यातलं ओळखपत्र दाखवलं. "मैं इस स्कूल में पढ़ती हूँ." "पीछे से, बेटा." बसेस आल्या, दांडा वर गेला, खाली आला. काचेतून माझ्या वर्गातली तोंडं दिसली. एकानं हात हलवला. मी फुलझाडांच्या वाफ्याला लावलेल्या दगडावर बसले. दप्तर मांडीवर.

प्रार्थना ऐकू आली. हजेरी झाली असणार. मी बसून होते.

गाड्या येत होत्या, जात होत्या. एका गाडीची काच खाली झाली. आत बाई होत्या, छान, हसऱ्या. त्यांनी बिस्किटाचा पुडा पुढं केला.

"घे ना. भूक लागलीय?"

"मला शाळेत जायचंय."

"सो स्वीट," म्हणाल्या. काच वर गेली.

टाय होता माझ्या गळ्यात. बूट पॉलिश केलेले होते. तरी त्यांना बिस्किटच सुचलं. गेटच्या बाहेर, जमिनीला टेकून बसलेलं आमच्या रंगाचं पोर म्हटल्यावर त्यांना दुसरं काय दिसणार?

दुपारी बाळूशेठ आला. मला बघून आधी हसला, मग हसू गेलं.

"ऊठ. नाटकं नकोत."

"पुढनं सोडा."

"अगं तुजी आय मागनं जाती, तुजी आजी माज्या आज्याच्या वाड्यात मागनं यायची. तुला काय सोनं लागलंय?"

 त्यानं मला उत्तर देऊन टाकलं होतं. मला तोपर्यंत वाटत होतं की हे गेट ॲपवाल्यांनी, बाहेरून आलेल्या साहेबांनी केलंय. आजीच्या वेळी ना टॉवर होते ना फोन. गेट मात्र होतं. यांनी फक्त ते नवीन घेतलं, लोखंडाचं.

संध्याकाळी आई घरी आली. तिचं गेटवरचं कार्ड बंद केलं होतं. ॲपमधून नावच काढून टाकलं. एकदा नाव निघालं की एक घर जात नाही, पाचही जातात. मॅडम लोकांना वाटलं तरी गेट उघडत नाही. आणि बाळूनं निरोप ठेवला होता. पोरीनं येऊन माफी मागावी, उद्यापासून गुमान मागनं यावं, कार्ड सांजच्याला चालू होईल.

बाप उठून बसला होता, ड्यूटीला जायचं होतं त्याला. "जा की मागनं," मला म्हणाला. "गेट म्हंजी काय, लोखंड. शाळा आतली बघ."

वाईट माणूस नव्हता तो. थकलेला होता. आणि मी घाबरले होते, हेही सांगते. चूल बघत होते, आईचं तोंड बघत होते. मी म्हणाले, "जाते मी मागनं. मागते माफी."

आई भाकरी थापत होती. तिनं परातीतला हात थांबवला.

"न्हाई."

"अगं पण—" बाप म्हणाला.

"न्हाई म्हणलं ना. मी मागितली तेवढी बास झाली. मी आयुष्यभर मागनं गेले, मला कुणी विचारलं न्हाई का जाती म्हणून. हिनं इचारलं." मग माझ्याकडं वळली. आवाज चांगलाच कडक होता. "पण आता बसलीस तर ऊठू नको. निम्म्यात उठलीस तर मी तुला सोडायची न्हाई."

तिनं मला जवळ घेतलं नाही. पाठीवरून हात फिरवला नाही. भाकरी तव्यावर टाकली.

सकाळी ती माझ्याबरोबर आली. तिला कामच उरलं नव्हतं. पुढच्या गेटला मी बसले, ती उभी राहिली. बाळू आला तेव्हा तिनं त्याला शेठ म्हटलं नाही. नाव घेतलं.

"बाळू, पोर शाळंला चाललीया. दांडा वर कर."

त्याच्या तोंडाकडं मी बघत होते. नुसत्या नावानं माणूस इतका हलतो हे मला माहीत नव्हतं.  फोनवर कुणाशी तरी बोलत लांब गेला.

आम्हाला न्याय मिळाला असं कुणाला वाटू नये म्हणून पुढचं नीट सांगते. ते ॲडमिशनचे दिवस होते. नवे पालक गाड्यांतून शाळा बघायला येत होते, आणि त्यांना सगळ्यात आधी दिसत होते मी. गणवेशात, दगडावर, शेजारी माझी आई. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो गेले. कुणी लिहिलं, हे चांगलं दिसत नाही. कुणी लिहिलं, पोरीला आत घ्या नाहीतर तिथून हलवा. मुख्याध्यापिकाबाई स्वतः चालत गेटवर आल्या. मी त्यांना पहिल्यांदाच एवढं चालताना बघितलं. त्यांच्यासाठी दांडा वर झाला नाही, त्यांनाही बाजूनं वाकून यावं लागलं.

"चल बेटा, आत चल."

"उद्यापण पुढनंच ना?"

"हो, हो."

"आणि आईचं कार्ड?"

"ते आमच्या हातात नाही."

मी आईकडं बघितलं. तिनं मान हलवली. जा. मी दांड्याच्या बाजूनं आत गेले, टॅब दप्तरात होता. मागं वळून बघितलं तेव्हा ती वस्तीकडं निघालेली होती.

आईचं कार्ड परत चालू झालं नाही. तिला भूगावच्या रस्त्यावर एका मंगल कार्यालयात काम मिळालं, मोठाली पातेली घासायचं. लग्नसराईत तिचे हात सोलून निघायचे. इराच्या आईनं एकदा रस्त्यात गाडी थांबवून म्हटलं, "शांताबाई, तुमच्यासारखी बाई नाही मिळाली हो." आई म्हणाली, "मिळंल." आणि पुढं गेली.

आठवी संपली, पंचवीस टक्क्यांची मुदत संपली, शाळेनं माझा दाखला हातात ठेवला. पिरंगुटच्या शाळेत गेले. तिथं सगळेच पायी यायचे. आता मी पुण्यात वकिलीच्या कॉलेजात आहे.

गेल्या महिन्यात वादविवाद स्पर्धेत नंबर आला, पेपरात फोटो आला. आणि त्या शाळेतून फोन आला. कुणा बाईंचा तरुण, उत्साही आवाज. वार्षिक कार्यक्रमाला यावं, चार शब्द बोलावेत. शाळेचा इतिहास घडवणारी विद्यार्थिनी म्हणून ओळख करून देणार होत्या.

"आईबद्दल बोला ना," त्या म्हणाल्या. "त्या इथंच काम करायच्या असं कळलं. खूप इन्स्पायरिंग आहे. लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल. गाडी पाठवू आम्ही."

मी विचारलं, "मागच्या गेटवर अजून पिशव्या बघतात का?"

"सॉरी?"

"कामाच्या बायकांच्या. जाताना."

"ते सोसायटीचं असतं, मॅडम. शाळेचा संबंध नाही."

वाक्य तेच होतं. नुसता आवाज बदलला होता.

मी नाही म्हणाले. त्यांना वाटलं मला वेळ नाही. वेळ आहे. पण मी त्या स्टेजवर उभी राहून आईचे हात वर्णन करणार नाही. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी मला नको. ते पाणी त्यांच्यासाठीच असतं. रडून झालं की ती माणसं मोकळी होतात, गाडीत बसतात, दांडा वर होतो आणि मागच्या गेटला दुसऱ्या दिवशी तीच रांग. म्हणून बोलायचं ते इथं लिहून काढलं. यात कुणाला हुरूप आला तर ती त्यांची जबाबदारी.

त्या फोननंतर मी वस्तीवर गेले. त्या बाईकडं गेले, जी त्या दिवशी रांगेत हसली होती. अजून तिथंच कामाला जाते. तिची नात आता त्याच शाळेत आहे, पहिलीत. मागनंच जाते. फोटो आजीच्या नावाखाली.

मी विचारलं, "काकू, तुमच्या सगळ्यांची कार्डं एकाच दिवशी बंद केली तर काय व्हईल?"

 ती म्हणाली, "आमी मरू." आणि मग, "पण तेंची भांडी कोण घासंल?"

आई बाजूला बसली होती. तिनं नुसतं विचारलं, "कवा जायचं?"

सोमवारी जायचं ठरलंय. सगळ्या बायका, ती नात, आई आणि मी. पुढच्या गेटनं, पायी. कायदा मी वाचलाय, पण कायदा आम्ही बसल्यावर काढीन, आधी नाही. आधी दांडा वर करा म्हणणार, एकदाच. नाही केला तर तिथंच बसणार आहोत, आणि यावेळी शाळा किंवा सोसायटी म्हणते म्हणून एकटी मी आत जाणार नाही. सगळ्या आत गेल्याशिवाय कुणीच उठणार नाही.